वाचकांचे प्रश्न : मासेमारीच्या पहिल्या कयाकवर काय काय चढवावे?

या वेळच्या पत्रांत कयाकच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीच्या, जोडसाहित्याबद्दलचे प्रश्न बरेच होते. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. पुढची उत्तरे जाड प्लास्टिकच्या, उघड्या बैठकीच्या कयाकसाठी आहेत. पाणी तलावाचे किंवा संथ नदीचे आहे असे धरले आहे.

प्रश्न : सव्वातीन मीटरची कयाक घेतली. विक्रेत्याने सोबत लांबलचक यादी दिली : रॉड होल्डर (गळाची काठी खोचायची बैठक), नांगर, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारे यंत्र), कॅमेऱ्याचा दांडा, चाकांची गाडी, झेंडा, दिवा. सुरुवातीला यातले काय घ्यावे?

उत्तर : यादीतली एकही वस्तू निरुपयोगी नाही, पण यादीचा क्रम विकणाऱ्याच्या सोयीचा आहे. तुम्हाला किनाऱ्यावर सुखरूप परत आणणाऱ्या वस्तू आधी घ्या. त्यानंतर मासेमारी सुकर करणाऱ्या, आणि कयाकला भोक पाडून बसवायच्या सगळ्यात शेवटी.

पहिल्या खेपेला लाईफ जॅकेट, मापाचे वल्हे, जॅकेटला बांधलेली शिट्टी (आत गोळी नसलेली, कारण गोळीची शिट्टी भिजली की अडकते), दोरी कापायचा बोथट टोकाचा चाकू, पाणी उपसायला मोठा स्पंज किंवा हातपंप, आणि फोन व कोरड्या कपड्यांसाठी गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी एवढे पुरते. पहाटे किंवा संध्याकाळी जाणार असाल तर चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवाही याच खेपेत घ्या. तो डोक्याच्या वर येईल अशा दांड्यावर लावा. खाली लावला तर तुमच्याच पाठीमागे झाकला जातो, शिवाय उजेड तुमच्याच डोळ्यांवर येतो.

रॉड होल्डरची घाई नको. बहुतेक मासेमारीच्या कयाकना बैठकीच्या मागे दोन होल्डर घडवलेलेच असतात. पहिल्या काही फेऱ्या एक किंवा दोन रॉड आणि गळ, शिसे, पकड मावेल एवढ्या एका छोट्या डब्यावर काढा. हात कुठे जातो, वल्हे कुठे अडते, मासा कोणत्या बाजूने आत घेता, हे त्याशिवाय कळत नाही. कॅमेऱ्याचा दांडा आम्ही यादीतून सरळ खोडला असता.

प्रश्न : घरी बोटीत वापरायचे साधे लाईफ जॅकेट आहे. कयाकच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसले की ते वर सरकून हनुवटीला लागते. चालवून घ्यावे का?

उत्तर : नको. हनुवटीला टोचणारे जॅकेट माणूस तासाभरात काढून मागे ठेवतो, आणि मागे ठेवलेले जॅकेट नसल्यातच जमा. मासेमारीच्या जॅकेटमध्ये पाठीचा फोम वर, खांद्यांच्या पातळीवर असतो आणि खाली नुसती जाळी असते. ती जाळी खुर्चीच्या पाठीला चिकटून बसते, त्यामुळे जॅकेट वर ढकलले जात नाही.

माप छातीच्या घेरावरून घ्या, वजनावरून नाही. सगळे पट्टे आवळा आणि कोणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून ते वर ओढायला सांगा. कानापर्यंत आले तर सैल आहे. मग त्याच जॅकेटमध्ये वल्हे मारल्यासारखे हात फिरवून पाहा, काखेत घासत असेल तर दुसरे बघा. तरणशक्ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असते आणि ते बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर वळवेलच असे नाही. पोहणे कच्चे असेल तर १०० न्यूटन किंवा त्याहून वरचे घ्या, थोडे अवजड वाटले तरी. कमरेला बांधायचे, दोरी ओढली की फुगणारे पट्टे सुटसुटीत दिसतात. पण पाण्यात पडल्यावर दोरी ओढून फुगवायचे आणि मग डोक्यातून घालायचे, हे काम नवख्याच्या हातून गडबडीत होत नाही.

खिसे मोजके भरा. छातीवर चार डबे लटकवले तर पाण्यातून कयाकवर परत चढताना तेच काठाला अडतात.

प्रश्न : कयाकची रुंदी ८६ सेंटिमीटर आहे आणि खुर्ची बरीच उंच. सोबत २२० सेंटिमीटरचे वल्हे मिळाले. बोटे काठावर आपटतात, मांडीवर पाणी गळते. माझी पद्धत चुकते आहे का?

उत्तर : वल्हे तोकडे आहे. एवढ्या रुंदीला आणि उंच खुर्चीला २४० ते २६० सेंटिमीटर लागते. उंची बेताची असेल तर २५० वर थांबा. ७० सेंटिमीटरच्या आतल्या अरुंद कयाकला २२० ते २३० चालते, तुमचे वल्हे बहुधा त्या मापाचे असावे. वल्ह्याची पाती पूर्ण बुडायला हात वाकवून खाली न्यावा लागतो, म्हणून बोटे आपटतात.

पैसे कुठे घालावेत असे कोणी विचारले तर आम्ही वल्ह्यात असे सांगतो. ॲल्युमिनियमच्या दांड्याचे आणि प्लास्टिकच्या पात्याचे वल्हे सव्वा किलोच्या आसपास भरते, फायबरग्लासचे साधारण एक किलो, कार्बनचे त्याहून हलके. दोनशे-अडीचशे ग्रॅम हातात घेतल्यावर जाणवत नाहीत. दर तासाला शेकडो वेळा तेच वजन उचलल्यावर खांद्याला जाणवतात. फायबरग्लासचा दांडा बहुतेकांना पुरतो. शिवाय ॲल्युमिनियम थंडीत हाताला गार लागते आणि उन्हात तापते.

मांडीवरचे पाणी रबरी कड्यांनी कमी होते. ती पात्यापासून वीतभर आत सरकवा. पात्याला चिकटवली तर पाण्यात बुडतात आणि उलट जास्त पाणी घेऊन वर येतात. वल्ह्याचा मधला सांधा प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा, वाळूचे दोन कण राहिले तरी तो जाम होतो. त्यात तेल घालू नका, तेलाला वाळू आणखी चिकटते.

प्रश्न : वाऱ्याने कयाक सारखी आडवी फिरते, एका जागी थांबून गळ टाकताच येत नाही. दीड किलोचा घडीचा नांगर आणला आहे. तो बैठकीजवळच्या कडीला बांधला तर चालेल ना? हात तिथेच पोहोचतो.

उत्तर : तिथे अजिबात बांधू नका. नांगराची दोरी मधून ताणली गेली की कयाक वाऱ्याला किंवा प्रवाहाला आडवी होते, दोरी एक काठ खाली ओढते आणि दुसरीकडून पाणी रेटते. प्रवाह जोराचा असेल तर उलटायला काही क्षण पुरतात. नांगर नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाकडून ओढला गेला पाहिजे.

पण टोकापर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून सरकती दोरी बसवतात. पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ एकेक छोटी कप्पी लावा. दोन्हींमधून ४-५ मिलिमीटरची दोरी कयाकच्या एकाच बाजूने फिरवून तिचे कडे पूर्ण करा आणि त्यात एक कडी गुंफा. एका कप्पीला वीतभर लवचिक दोरी जोडा, म्हणजे ताण राहतो आणि फेरा लोंबत नाही. कप्प्या आधीपासून असलेल्या हँडलना बांधता आल्या तर भोक पाडायची गरजच पडत नाही. वापरताना नांगर बैठकीजवळून सोडा, त्याची दोरी कडीतून ओवा, पुरेशी सोडून झाली की बैठकीजवळच्या खाचेत अडकवा आणि मग फेरा ओढून कडी टोकाकडे पाठवा. लाटा असतील तर पुढच्या टोकाकडे पाठवा. मागच्या टोकाकडे पाठवली तर तोंड वारा वाहत जातो त्या बाजूला येते आणि गळ लांब फेकता येतो, पण मागची बाजू सहसा बुटकी असते, लाटा आत येतात.

आता दोरीची लांबी. खोलीएवढी दोरी सोडून नांगर रुतत नाही, तो उभा लटकतो आणि घसरतो. दोरी तिरपी पडली तरच त्याचे आकडे तळात शिरतात. शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट ते पाचपट, वाऱ्यात सातपट धरा. ४ मीटर खोलीला वाऱ्यात २८ मीटर होते, म्हणून ३० मीटर दोरी ठेवा. जाडी ५-६ मिलिमीटर. त्याहून बारीक दोरी हात कापते. नांगर आणि दोरी यांच्यात अर्धा मीटर साखळी जोडली की नांगराचा दांडा तळाला टेकून राहतो. घडीचा नांगर दगडात आणि झुडपांत चांगला धरतो, मऊ चिखलात मात्र नांगरल्यासारखा घसरत येतो. पाणी मीटरभरच असेल तर तळात खुपसायची दोन मीटरची काठी त्याच्यापेक्षा सोपी, आणि तिचा आवाजही होत नाही.

दगडात नांगर अडकण्याची सोय आधीच करून ठेवा. साखळी वरच्या कडीला न बांधता खाली, आकड्यांच्या बाजूच्या भोकाला बांधा, दांड्याला समांतर वर आणा आणि वरच्या कडीला प्लास्टिकच्या बारीक केबल टायने जखडा. अडकला तर दोरी सरळ वर जोरात ओढा. टाय तुटतो, ओढ उलट्या बाजूने बसते आणि नांगर निघतो. दोरीच्या मोकळ्या टोकाला छोटा तरंगता गोळा बांधा, म्हणजे एखादी बोट अंगावर आली किंवा मोठा मासा लागला तर दोरी सोडून देऊन नंतर परत घेता येते.

वाहत्या जोरदार प्रवाहात मात्र यातले काहीही करू नका. तिथे नांगर टाकणे नवख्याचे काम नाही. नुसत्या वाऱ्याने वाहत जाण्याचा वेग कमी करायचा असेल तर अर्ध्या मीटर व्यासाची पाण्यातली छत्री (पाण्यात फुगून ओढ देणारी कापडी पिशवी) टोकाकडून सोडा.

प्रश्न : समोर दोन फिरते रॉड होल्डर बसवायला पट्ट्या आणल्या. भोके पाडायला भीती वाटते. सिलिकॉनने चिकटवले तर?

उत्तर : कयाकचे प्लास्टिक म्हणजे पॉलिएथिलीन. त्याला सिलिकॉन धरत नाही, काही दिवसांत कातडीसारखे सोलून निघते. स्क्रू किंवा बोल्टच लागतात.

आधी जमिनीवर कयाकमध्ये बसा, पूर्ण ताकदीने वल्हे मारल्याचा अभिनय करा आणि हात-वल्हे जिथे फिरते ती जागा चिकटपट्टीने आखा. होल्डर त्या आखलेल्या जागेच्या बाहेर, पण बसल्या जागी कंबर न वाकवता हात पोहोचेल असा हवा. मग झाकण उघडून आतून टॉर्चने बघा : खाली फोम, दोरी किंवा सुकाणूची तार तर नाही ना. भोके वरच्या पृष्ठभागावरच, पाण्याच्या रेषेच्या खाली नाहीत.

आधी ३ मिलिमीटरचे भोक, मग बोल्टच्या मापाचे. ड्रिल हळू चालवा, वेगाने प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळते. आतून हात पोहोचतो तिथे ५ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, रुंद वॉशर आणि नायलॉनची कडी असलेले नट लावा. हात पोहोचत नाही तिथे आत तीन पाकळ्यांत उमलणारे रिव्हेट. साधे रिव्हेट मऊ प्लास्टिकमधून उपटून येतात. पट्टीखाली ब्यूटाइल रबराची चिकट टेप दाबली की पाणी अडते; ती पट्टी धरून ठेवत नाही, धरून ठेवतो तो बोल्ट. प्लास्टिक दबायला लागले की आवळणे थांबवा.

खाऱ्या पाण्यात ३१६ प्रतीचे स्टेनलेस घ्या, ३०४ वर गंजाचे डाग येतात.

प्रश्न : फिश फाइंडरला कोणती बॅटरी? ती किती वेळ चालेल?

उत्तर : यंत्राच्या माहितीपत्रकात किती अँपिअर लागतात ते पाहा. पाच इंची पडद्याचे यंत्र साधारण अर्धा अँपिअर घेते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणजे साडेतीन भागिले अर्धा, सात तास. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते, म्हणजे अकरा तास, आणि वजनही निम्म्याहून कमी. तिला तिचाच चार्जर लागतो. धन टोकाजवळच फ्यूज बसवा, बहुधा ३ अँपिअरचा. तो यंत्राच्या बाजूला लावला तर मधली तार घासून जोडली गेल्यावर त्याचा उपयोग होत नाही. बॅटरी जलरोधक डब्यात, आणि डबा बांधलेला.

प्रश्न : कयाकवर १६० किलो क्षमता लिहिली आहे. माझे वजन ८५. तरी सामान भरल्यावर ती जड चालते आणि पाणी पायाशी साचते. तळाची भोके बुचांनी बंद करावीत का?

उत्तर : लिहिलेली क्षमता बुडण्याच्या जवळची समजा. आरामात चालायला तिच्या दोन तृतीयांशाच्या आसपास थांबावे, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे १०५ किलो. सामानाला २० किलो उरतात. कपडे-जॅकेट, सामानाचा भरलेला क्रेट, नांगर, बॅटरी, पिण्याचे पाणी हे मोजून पाहा, ते सहज ओलांडले जातात. खुर्ची क्षमतेत धरली आहे का तेही तपासा.

बुचे लावली तर भोकांतून येणारे पाणी थांबते, पण लाटेने वरून आलेले बाहेर जात नाही. शांत पाण्यात लावा, लाटांत काढा. आणि आतल्या पोकळीत पाणी साचत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे : झाकणाचे रबर, नवे बोल्ट आणि तळाच्या भोकांच्या कडा तपासा. त्या कडांना बारीक चीर जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे भोकांत दांडे घालून उभी राहणारी चाकांची गाडी. भरलेली कयाक खड्ड्यातून ओढली की सगळा भार त्या दांड्यांवर येतो. पट्ट्याने बांधायची गाडी घ्या, वाळूसाठी फुगीर चाकांची, आणि सामान किनाऱ्यावर पोहोचल्यावर भरा.

प्रश्न : प्रत्येक वस्तूला दोरी बांधावी असे ऐकले. खरे का?

उत्तर : रॉड, पकड आणि वल्हे यांना बांधा, गुंडाळीसारख्या आखूड दोऱ्यांनी. स्वतःला कयाकला बांधू नका. लांब मोकळ्या दोऱ्या उलटल्यावर पायांत अडकतात, चाकू त्यासाठीच जॅकेटवर असतो.

सामान लावून झाल्यावर छातीभर शांत पाण्यात, सोबत कोणी असताना, कयाक मुद्दाम उलटवा. पलीकडचा काठ धरून ती सरळ करा, बैठकीजवळ पाय मारत अंग आडवे तरंगू द्या, पोट कयाकवर ओढा, मग कुशीवर वळून बसा. क्रेट सुटला, होल्डर छातीला अडला, एखादा डबा उघडला, तर बदल तिथेच दिसेल. महागडे रॉड आणि फिश फाइंडर त्या दिवशी घरी ठेवा.