वाचकांचे प्रश्न : आयफोनवरचे अ‍ॅप अँड्रॉइडवर नेताना वेचणीचा हिशेब चुकू नये म्हणून

प्रश्न : राळेगाव तालुक्यात आमचा कापूस उत्पादकांचा गट आहे. गावातल्याच एका मुलाने पुण्यात नोकरीला असताना 3 वर्षांपूर्वी आम्हाला आयफोनवर चालणारे अ‍ॅप करून दिले. वेचणाऱ्या बाईचे नाव निवडले की ब्लूटूथच्या वजनकाट्यावरून गाठोड्याचे वजन आपोआप येते आणि बाजाराच्या दिवशी आठवड्याची मजुरी निघते. मात्र आयफोन फक्त सचिवांकडे आहे, बाकी सर्वांकडे अँड्रॉइड. एकाच दिवशी दोन वावरांत वेचणी असली की एकीकडची वजने वहीवरच राहतात. एका जाणकाराच्या मते हाच कोड सॉफ्टवेअरमध्ये टाकला की 2 दिवसांत अँड्रॉइडचे अ‍ॅप मिळेल. दुसऱ्याने जवळजवळ नव्या अ‍ॅपइतका खर्च सांगितला. कोणाचे खरे मानावे? सीतादहीच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, आत काम व्हायला हवे.
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : दुसऱ्याचे म्हणणे खरे धरून चाला. आपले अ‍ॅप बहुधा स्विफ्ट या भाषेत लिहिलेले असेल. ती अ‍ॅपलने 2014 मध्ये आणली. अँड्रॉइडसाठी आज प्रामुख्याने कोटलिन वापरतात, जिला गूगलने 2017 मध्ये अधिकृत मान्यता दिली. या दोन भाषा दिसायला बऱ्याच सारख्या आहेत, आणि म्हणूनच '2 दिवसांत होईल' असे वाटते. मजुरी काढण्याचा भाग कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने खरोखरच लवकर उतरवता येतो. परंतु पडदे, नोंदींची साठवण आणि वजनकाट्याशी होणारा संवाद हे सगळे अ‍ॅपलने दिलेल्या घटकांवर उभे असते. ते घटक अँड्रॉइडवर नाहीत, त्यामुळे तेवढा भाग पुन्हा लिहावाच लागतो.

उतरवलेल्या भागातही धोका असतो, तो एका उदाहरणाने दाखवतो. पूर्णांकासाठी दोन्ही भाषांत 'इंट' हाच शब्द आहे. आयफोनवर तो 64 बिटांचा असतो, कोटलिनमध्ये 32 बिटांचा, म्हणजे 2,14,74,83,647 च्या पुढे त्याची मजल जात नाही. समजा, वजन ग्रॅममध्ये आणि दर पैशांत साठवला आहे, आणि गुणाकारांची बेरीज करून शेवटी एकदाच 1000 ने भागले जाते. किलोला 10 रुपये दराने 50 किलोच्या एका नोंदीचा गुणाकार 5 कोटी होतो. 42 नोंदींपर्यंत सर्व ठीक चालते. 43 वी नोंद आली की बेरीज कोणतीही सूचना न देता उणे होते. कार्यालयात 4 नोंदी टाकून पाहणाऱ्याला ही चूक कधीच दिसणार नाही, ती दिसेल थेट बाजाराच्या दिवशी, दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईसमोर. प्रोग्रामरला येथे 'लाँग' हा 64 बिटांचा पूर्णांक वापरायला सांगा.

तारखांचेही तसेच आहे. आयफोनची नेहमीची साठवण 1 जानेवारी 2001 पासूनचे सेकंद मोजते, तर अँड्रॉइड 1 जानेवारी 1970 पासूनचे मिलिसेकंद. जुन्या नोंदींचे आकडे जसेच्या तसे उचलले, तर गेल्या काही हंगामांतल्या सगळ्या वेचण्या 1970 च्या जानेवारीत जाऊन बसतील. म्हणून आयफोनच्या अ‍ॅपमध्येच आधी नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात बाहेर काढण्याची सोय करून घ्यावी.

वजनकाट्याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका गटाचे असेच काम करताना सर्व फोनांवर काटा सापडत होता, पण अ‍ॅप त्याला 'अनोळखी' ठरवत होते. आयफोन ब्लूटूथ उपकरणाचा खरा पत्ता अ‍ॅपला दाखवत नाही, स्वतःपुरती एक ओळख तयार करून देतो, आणि आम्ही नेमकी तीच ओळख नोंदवहीत घातली होती. काटा त्याच्या अनुक्रमांकाने ओळखावा. शिवाय अँड्रॉइड 11 आणि त्याआधीच्या बहुतेक फोनांवर असा काटा शोधण्यासाठी स्थानाची परवानगी द्यावी लागते. ती कशासाठी मागितली आहे हे पडद्यावर मराठीत लिहिलेले असावे, नाहीतर लोक नकार देतात आणि काटा बिघडला असे समजतात.

आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र निराळीच आहे. आजवर सर्व हिशेब एकाच फोनवर होता, म्हणजे वही एकच होती. अँड्रॉइडवर गेल्यावर त्या 10 किंवा 15 होतील. दोन्ही वावरांतल्या फोनांनी आपापली '1 क्रमांकाची' नोंद केली, तर एकत्र करताना एक नोंद दुसरीवर चढेल आणि कोणाचे तरी गाठोडे हिशेबातून नाहीसे होईल. प्रत्येक नोंदीला फोनने अशी ओळख द्यावी की ती दुसऱ्या कोणत्याही फोनवर तयार होणार नाही. नोंद आधी फोनमध्येच साठावी आणि रेंज आली की सर्व्हरकडे, म्हणजे सर्वांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या संगणकाकडे, जावी. हे काम जुन्या अ‍ॅपमध्ये नव्हतेच, म्हणून त्याचे रूपांतरही होऊ शकत नाही. आपल्या खर्चाचा मोठा वाटा येथे जाईल आणि तो जाऊ द्यावा. बचत करायची असेल तर सचिवांना एक साधा अँड्रॉइड फोन घेऊन द्या आणि आयफोनचे अ‍ॅप नोंदी काढून झाल्यावर बंद करा; एका फोनासाठी दोन अ‍ॅप सांभाळणे आणि अ‍ॅपलच्या विकासक खात्याचे वर्षाला 99 डॉलर भरणे मला योग्य वाटत नाही.

मुलगा गावचाच असला तरी सोर्स कोड (अ‍ॅपचा मूळ लिहिलेला प्रोग्राम) आणि त्याचे हक्क लेखी घ्या. कॉपीराइट अधिनियम, 1957 नुसार आपल्या पगारावर नसलेल्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक सामान्यतः तोच असतो. हस्तांतरणाच्या कागदावर त्याची सही हवी आणि मुदतही लिहिलेली हवी. ती न लिहिल्यास 5 वर्षेच धरली जाते.

वेळेचा हिशेबही आताच करा. गूगल प्लेचे खाते 25 डॉलरांत एकदाच निघते, परंतु नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. हे 12 जण गटातलेच निवडा आणि त्यांत सर्वांत जुने, स्वस्त फोन असलेले अवश्य घ्या. पोळ्याच्या सुमारास वावरात वेचायला कापूस नसेल, तेव्हा मागच्या हंगामातल्या एका भरगच्च आठवड्याची वही काढा, तिच्यातल्या सर्व नोंदी दोन-तीन फोनांवर वाटून भरा आणि प्रत्येक बाईची मजुरी वहीतल्या आकड्याशी पैशापर्यंत जुळते का ते पाहा. ती जुळली की मगच प्रोग्रामरला शेवटचा हप्ता द्या.