लग्नाचा पंचविसावा वाढदिवस बेटावर: आधी वारा बघा, मग व्हिला

पंचविसाव्या, चाळिसाव्या, पन्नासाव्या वाढदिवसाला एखाद्या उष्ण कटिबंधातल्या बेटावर जायचं, असा बेत केलेल्या वाचकांचे प्रश्न बरेच साठले होते. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. बहुतेकांची सुरुवात ‘हॉटेल कुठलं घ्यावं?’ अशी आहे. आमच्या मते क्रम उलटा हवा: आधी हंगाम, मग बेट, मग बेटाची कुठली बाजू, आणि हॉटेल सगळ्यांत शेवटी.

प्रश्न: १८ नोव्हेंबरला आमच्या लग्नाला २५ वर्षं होतात. तारीख हलवायची नाही, त्या दिवशी समुद्रकिनारीच असायचं आहे. थायलंड, मालदीव, मॉरिशस आणि कॅरिबियन यांत घोळ चाललाय.

तारीख पक्की असेल तर बेट तारखेनं निवडायचं, फोटो बघून नाही. नोव्हेंबर हा अनेक ठिकाणी ऋतू पालटण्याचा महिना असतो, म्हणून तो फसवतो.

थायलंडचंच बघा. फुकेत पश्चिमेला, अंदमान समुद्राकडे तोंड करून आहे. तिथला पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, त्यामुळे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तिथे आकाश मोकळं व्हायला लागतं. को सामुई पूर्वेकडच्या आखातात आहे आणि तिथे नेमका नोव्हेंबर हाच सर्वांत जास्त पावसाचा महिना. देश एक, विमानाचं अंतर तासाभराचं, पण हवामान अगदी उलट. ‘थायलंडला नोव्हेंबरमध्ये कसं असतं?’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही.

मालदीवमध्ये कोरडा काळ साधारण जानेवारी ते एप्रिल. नोव्हेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारा ओसरून ईशान्येचा सुरू होत असतो. एखाददुसऱ्या दिवशी जोरदार सर येते, मग लख्ख ऊन. पाच-सहा रात्री असतील तर चालण्यासारखं आहे, तीनच रात्री असतील तर जोखीम आहे.

मॉरिशसला नोव्हेंबर चांगला. ऊन वाढलेलं असतं, पाऊस अजून फारसा नसतो. चक्रीवादळांचा हंगाम कागदोपत्री नोव्हेंबर ते एप्रिल असला तरी जोर जानेवारीनंतरचा. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऐन भर सप्टेंबरात, पण १८ नोव्हेंबर अजून त्या चौकटीतच येतो. तिकडेच जायचं असेल तर अरुबा, बोनेर, कुरासाओ ही दक्षिणेकडची बेटं बघा. ती वादळांच्या नेहमीच्या वाटेपासून बरीचशी बाजूला आहेत.

या चौघांत आमचं मत मॉरिशसला, दुसरी पसंती फुकेत.

आणि तारीख सहलीच्या मध्यावर ठेवा. सात दिवस असतील तर तिसरा किंवा चौथा दिवस. पहिल्या दिवशी बॅग मागे राहते, बोट चुकते, झोप झालेली नसते. शेवटच्या दिवशी डोकं निम्मं विमानतळावर असतं. मधल्या दिवशी पावसानं खोडा घातला, तर जेवणाचा बेत एक दिवस पुढे ढकलता येतो.

प्रश्न: मालदीवला पाच रात्री जातोय. पाचही रात्री पाण्यावरच्या व्हिलात काढाव्यात का? आमचं विमान मालेला संध्याकाळी ५ वाजता उतरतं.

आधी दुसऱ्या वाक्याचं बघू, कारण घोडं तिथेच अडणार आहे. मालेहून दूरच्या रिसॉर्टला नेणारी सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. पाचला उतरून इमिग्रेशन, सामान आणि सीप्लेनच्या टर्मिनलपर्यंतचा प्रवास उरकेस्तोवर शेवटचं सीप्लेन गेलेलं असतं. अशा वेळी पहिली रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत काढावी लागते. रिसॉर्टची पहिली रात्र आरक्षित केलेली असेल, तर तिचे पैसे पाण्यात जातात. यावर तीन उपाय आहेत: दुपारी साधारण दोनपर्यंत उतरणारं विमान घ्या, किंवा मालेच्या जवळच्या प्रवाळद्वीपातलं, स्पीडबोटीनं गाठता येणारं रिसॉर्ट घ्या, किंवा देशांतर्गत विमान आणि पुढे बोट असा मार्ग असलेलं रिसॉर्ट घ्या. शेवटच्या दोन्हींना सहसा अंधाराची अडचण नसते. परतीचं विमान सकाळी लवकर असेल तरी हाच हिशोब मांडा.

सीप्लेनसाठी सामानाची मर्यादा साधारण २० किलो, शिवाय हातातली ५ किलोची पिशवी. मोठ्या विमानाला ३० किलो चालतात म्हणून भरभरून आलेली मंडळी इथे जादा पैसे मोजतात. उड्डाणाची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी कळते. अनेक रिसॉर्ट आपली घड्याळं मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे सूर्यास्त उशिरा होतो आणि पाहुणे खूश. त्यामुळे परतीची वेळ सांगितली की ‘ही बेटाची वेळ की मालेची?’ एवढं विचारून घ्या.

आता व्हिला. पाच रात्रींत आम्ही तीन किनाऱ्यावर आणि शेवटच्या दोन पाण्यावर असं सुचवू. किनाऱ्यावरच्या व्हिलात सावली असते, वाळू दारात असते, शिवाय खर्च कमी. पाण्यावरच्या व्हिलाचं अप्रूप दोन रात्रीत पुरेपूर वसूल होतं. मात्र व्हिला बदलण्याच्या दिवशी दुपारी बारा ते दोन-तीनपर्यंत तुम्ही बिनखोलीचे असता. पोहण्याचे कपडे आणि औषधं वेगळ्या पिशवीत ठेवा. सामान हलवायचं काम रिसॉर्टची माणसं करतात.

आरक्षणाआधी रिसॉर्टचा नकाशा मागवा आणि त्यावर वाऱ्याची दिशा बघा. डिसेंबर ते एप्रिल वारा ईशान्येकडून येतो, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्येकडून. वाऱ्याच्या तोंडावरच्या व्हिलात रात्रभर फळ्यांखाली लाटा आपटतात आणि शिडीवरून पाण्यात उतरणं अवघड होतं. ‘सूर्यास्ताची बाजू’ म्हणून जादा पैसे घेतात, पण त्याच डेकवर दुपारी तीनपासून ऊन थेट येतं, हे कुणी सांगत नाही. धक्क्याच्या टोकाचा व्हिला एकांताचा खरा, पण न्याहारीला दर वेळी लांबलचक चाल किंवा गाडीची वाट बघणं आलं.

प्रश्न: आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. बाबा ७८, आई ७४. आईचे दोन्ही गुडघे बदललेत, बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. त्यांना काहीच न सांगता थेट बेटावर न्यायचं आमच्या मनात आहे. आम्ही मुलं-नातवंडं मिळून १८ जण आहोत.

सरप्राइज द्यायचंच असेल तर जेवणाचं द्या, पाहुण्यांचं द्या, प्रवासाचं नको. प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार प्रवाशानं स्वतः जाहीर करावे लागतात. ते लपले तर दावा नाकारला जाऊ शकतो. डॉक्टरांची तपासणी, औषधांची चिठ्ठी, सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हे सगळं त्यांच्या पाठीमागे होण्यासारखं नाही. विम्यात रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे ना, हे आवर्जून बघा. छोट्या बेटावर सगळ्यात मोठा खर्च तोच असतो.

बेट मोठं घ्या. मॉरिशससारख्या ठिकाणी विमानतळावरून गाडी थेट हॉटेलच्या दारात जाते आणि रुग्णालय रस्त्यानं गाठता येतं. सीप्लेनमध्ये हलत्या तराफ्यावरून अरुंद शिडीनं चढायचं असतं आणि आत वाकून चालायचं. बदललेल्या गुडघ्यांना ते नको. शिवाय त्यात साधारण १५ जणच बसतात, तुमचे १८ जण दोन खेपांत जाणार. बोटीनं जायची वेळ आलीच, तर आई-बाबांना मागच्या भागात बसवा. पुढचा भाग लाटेवर उचलून आपटतो आणि कमरेला हिसके बसतात.

मॉरिशसमध्ये मे ते ऑक्टोबर आग्नेय वारे पूर्व किनाऱ्यावर जोरात असतात. त्या महिन्यांत उत्तरेचा ग्राँ बेकडचा किंवा पश्चिमेचा फ्लिक आँ फ्लाककडचा भाग बरा. हॉटेलला लेखी विचारायचं ते असं: तळमजल्याची खोली, उपाहारगृहापासून जवळ, शॉवरला उंबरा किंवा टब नको, धरायला दांडी हवी. फोटोत देखणी दिसणारी उघड्यावरची न्हाणीघरं पावसात निसरडी होतात. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघा पिळवटतो, म्हणून चालायचं ते ओलसर, घट्ट वाळूवर. विमानतळावरच्या चाकाच्या खुर्चीची नोंद किमान ४८ तास आधी विमान कंपनीकडे करा, परतीची वेगळी.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. पाण्यात भिजवून गार राहणाऱ्या पिशव्या मिळतात, पण त्या बाष्पीभवनावर चालतात. बेटावरच्या दमट हवेत पाणी उडत नाही, त्यामुळे गारवाही कमी. खोलीतला छोटा फ्रिज विजेच्या खाचेतलं चावीचं कार्ड काढल्यावर बंद होतो का, ते पहिल्याच दिवशी तपासा. होत असेल तर स्वागतकक्षात सांगून स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या, आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका असं बजावा. घड्याळ तीन-चार तासांनी बदलणार असेल तर डोसच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

प्रश्न: पौर्णिमेच्या रात्री वाळूवर दोघांसाठी टेबल मांडून जेवायचं आहे. फोटोग्राफरही ठरवलाय. काय चुकू शकतं?

पहिली गोष्ट भरती. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि कमाल भरती बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते. म्हणजे तुम्ही निवडलेल्या रात्रीही पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढणार. त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि जेवणाच्या वेळी भरती असेल तर टेबल वाळलेल्या शेवाळाच्या रेघेच्या वर मांडायला सांगा. ती रेघ म्हणजे आदल्या भरतीची खूण. बेट झांझिबार असेल तर उलटी पंचाईत: पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की समोर पाणीच दिसत नाही.

दुसरी, दिशा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो. पश्चिमेच्या ‘सनसेट’ किनाऱ्यावर बसलात तर तो झाडांवर येईपर्यंत दिसायचा नाही. सूर्यास्त आणि चंद्र दोन्ही हवे असतील तर पौर्णिमेच्या आदली संध्याकाळ घ्या. सूर्य मावळताना चंद्र आधीच थोडा वर आलेला असतो. आम्हाला ती रात्र जास्त आवडते, उधाणही किंचित कमी असतं.

तिसरी, वेळ. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. फोटोंची सुरुवात सूर्यास्ताच्या तासभर आधी करा, पंधरा मिनिटं आधी नाही. मेणबत्त्या काचेच्या उंच नळीतच हव्यात. सांज होताना वाळूतल्या बारीक माश्या घोट्यांना चावतात, तेव्हा साडी असो वा गाऊन, पायांना २० ते ३० टक्के डीट (कीटकांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं औषध आधी लावून घ्या. पावसाची शक्यता असेल तर आत बसायचं की बाहेर, हा निर्णय किती वाजता आणि कोण घेणार, हेही विचारून ठेवा.

प्रश्न: वाढदिवस आहे म्हटल्यावर हॉटेलवाले काही फुकट देतात का?

देतात, पण आधी मागणाऱ्याला. अनेक रिसॉर्टच्या सवलती ठरावीक वर्षांच्या वाढदिवसांना, तारखेच्या आसपासच्या काही महिन्यांतच आणि किमान रात्रींच्या अटीवर असतात. विवाहाच्या दाखल्याची प्रत आरक्षण करतानाच पाठवा. दारात पोचल्यावर सांगितलं तर फार तर केक पदरात पडतो. तो केक आल्या दिवशी नको, वाढदिवसाच्या संध्याकाळी हवा, हेही लिहून कळवा.

प्रश्न: मालदीवच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतात, ती कसली?

१० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन वस्तू-सेवा कर. हा कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. कर सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो, म्हणून १०० डॉलरचं जेवण १२७ नव्हे, १२८.७० डॉलरला पडतं. रिसॉर्टच्या बेटावर बाहेर खाण्याची सोय नसते. तेव्हा तुलना करायची ती नुसत्या खोलीच्या भाड्याची नाही, कर धरून तिन्ही जेवणांसह होणाऱ्या बेरजेची.

प्रश्न: मी डायव्हिंग करतो, बायकोला पोहता येत नाही. शेवटच्या सकाळी मी डाइव्ह मारावा आणि तिनं स्नॉर्केलिंग करावं, असं ठरवलंय. रात्री विमान आहे.

तुमचा बेत रद्द करा, तिचा ठेवा. डायव्हिंगनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, सलग काही दिवस किंवा दिवसात अनेक डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबायचं असतं. बरीच केंद्रं २४ तास सांगतात, तेच पाळा. सीप्लेन हेही विमानच. डाइव्ह पहिल्या दिवसांत उरका.

तिच्यासाठी: मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकानं श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पट्टा आवळल्यानं गळती थांबत नाही, उलट कडा दुमडून वाढते. आधी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवून श्वासाचा सराव. फुगवायचं जॅकेट घालून, तरंगती रिंग धरलेल्या वाटाड्याबरोबरच प्रवाळापर्यंत जायचं. प्रवाळाची कड जिथे एकदम खोल उतरते, तिथे नवख्या माणसाला दचकायला होतं, म्हणून पहिल्या दिवशी कडेच्या अलीकडेच थांबावं. पाठ भाजू नये म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, मग सनस्क्रीनही कमी लागतं. हवाई आणि पलाऊमध्ये ऑक्सिबेन्झोन (प्रवाळाला अपायकारक मानलं जाणारं रसायन) असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे, पण इतर बेटांवरही ते नसलेलंच न्या.