मॅट्रिक्समध्ये नॉट एलिजिबल आलं म्हणून टायटल थ्री सोडू नका, वेव्हर मागा

शिक्षण खात्याच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या पात्रतेच्या तक्त्यात, तुमच्या कॉलेजपुढे यंदा नॉट एलिजिबल आलंय, डीन म्हणतायत टायटल थ्रीचं (गरजू विद्यार्थी जास्त आणि पैसा कमी अशा कॉलेजांसाठीची केंद्र सरकारची, म्हणजे फेडरल ग्रँट) पुढच्या वर्षी बघू, आणि तुम्ही विचारताय की वेव्हरच्या, म्हणजे अटीतून सूट मिळवण्याच्या, मागे लागण्यात अर्थ आहे का. आहे, नक्की आहे. मी इथे अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजच्या ग्रँट ऑफिसात बरीच वर्षं हेच काम करतोय. ती मॅट्रिक्स म्हणजे शेवटचा निकाल नाही हो, शिक्षण खातं कॉलेजांनी आधीच भरलेल्या आकड्यांवरून ती काढतं, त्यात तुमच्या गावाची, तुमच्या मुलांची परिस्थिती कुठेच दिसत नाही, आणि ती मांडता यावी म्हणूनच तर वेव्हर ठेवलाय.

आधी कुठल्या अटीत अडकलात ते बघा. एक अट गरजू विद्यार्थ्यांची, म्हणजे डिग्रीच्या निम्म्या तरी विद्यार्थ्यांना गरजेनुसार मिळणारी फेडरल मदत पाहिजे, नाहीतर पेल ग्रँटवाल्यांचं (ही गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी फेडरल मदत) प्रमाण तुमच्यासारख्या इतर कॉलेजांपेक्षा जास्त पाहिजे. दुसरी अट खर्चाची, दर विद्यार्थी खर्च अशाच कॉलेजांच्या सरासरीपेक्षा कमी पाहिजे. दोन्ही लागतात आणि दोन्हींचे वेव्हर वेगळे.

तुम्ही खर्चात अडकलाय, विद्यार्थी जेमतेम चारशे. ह्या अटीत लहान कॉलेजं हकनाक मार खातात. समजा वर्षाचा खर्च 60 लाख डॉलर, 400 विद्यार्थी, म्हणजे डोक्यामागे 15 हजार. शेजारच्या शहरातलं 2000 मुलांचं कॉलेज 2 कोटी खर्च करतं तरी त्यांचा आकडा 10 हजार येतो. कागदावर तुम्ही श्रीमंत! अहो पण लायब्ररी, रजिस्ट्रार, नर्सिंगची लॅब, हिवाळ्यातलं हीटिंग हे 400 मुलांनाही लागतंच ना, मुलं कमी म्हणून अर्धा रजिस्ट्रार ठेवता येत नाही. नियमात हे कारण स्पष्ट दिलंय, कमी विद्यार्थीसंख्या. त्याशिवाय महागडा भाग, विजेचा-इंधनाचा जास्त खर्च, मेडिकल-डेंटलसारखे महागडे कोर्स हीपण कारणं चालतात. पण नुसतं 'आमचं कॉलेज लहान आहे' लिहून भागत नाही, त्यामुळे तुमचा दर विद्यार्थी खर्च कसा फुगला ते आकड्यानिशी दाखवावं लागतं. कुठला खर्च विद्यार्थी वाढले तरी तेवढाच राहिला असता, तो वेगळा काढा. बिझनेस ऑफिसला हाताशी घ्या, हे एकट्याचं काम नाही.

गरजूंच्या अटीत अडकलेल्यांसाठीपण सांगतो. पेलचा आकडा बरेचदा गरिबी कमी दाखवतो. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला 46 डॉलर, एवढ्यासाठी फाफसा (फेडरल मदतीचा अर्ज) कोण भरत बसणार, आणि नोकरी सांभाळून एखादाच कोर्स घेणारे तर हाफटाइममध्येसुद्धा (पूर्णवेळच्या निम्मे कोर्स) बसत नाहीत. म्हणून राज्याच्या भरघोस मदतीवर कमी फीत चालणाऱ्या कॉलेजांना वेव्हर मागता येतो, निदान 30 टक्के विद्यार्थी कमी उत्पन्नाच्या घरातले असतील तरी मागता येतो (कमी उत्पन्न म्हणजे दारिद्र्यरेषेच्या 150 टक्क्यांपर्यंत), आणि जवळपास दुसरं कॉलेज नसलेल्या ग्रामीण भागासाठी वेगळा पर्याय आहे. जो पर्याय घ्याल त्याचे आकडे खात्याने ठरवलेल्या बेस इयरचेच (ज्या मागच्या वर्षाचे आकडे धरतात ते) द्या, यंदाचे ताजे आकडे कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

आता डीनना पटेल असा मुद्दा. एलिजिबल झालात म्हणजे ग्रँट मिळाली असं नाही, त्याचा अर्ज वेगळा आणि स्पर्धा चिकार. पण ग्रँटचा अर्ज केला नाही तरी या दर्जाचा फायदा होतो, फेडरल वर्क स्टडी (विद्यार्थ्यांना अर्धवेळ कामाचा पगार देणारी योजना) आणि एसईओजी (गरजू विद्यार्थ्यांची जादा ग्रँट) यांमधला कॉलेजचा वाटा माफ होतो. वर्क स्टडीत साधारणपणे पगाराचा 25 टक्के भाग कॉलेजला घालावा लागतो, म्हणजे वर्षाला 1 लाख डॉलर पगार वाटत असाल तर 25 हजार तुमच्या खिशातले. फेडरल रक्कम वाढत नाही, पण हे 25 हजार सुटतात, आणि तुमच्या आकाराच्या कॉलेजात तेवढ्यात ट्युटरिंग सेंटर संध्याकाळी उघडं ठेवता येतं, दिवसा काम करणारी मुलं तेव्हाच तर येतात.

तेव्हा आजच फायनान्शियल एड ऑफिसातून मागच्या वर्षीचा मॅचचा, म्हणजे कॉलेजने घातलेल्या वाट्याचा, आकडा काढा आणि तो घेऊन डीनकडे जा. मुदत फेडरल रजिस्टरच्या (अमेरिकी सरकारचं राजपत्र) नोटिशीत येते, दरवर्षी तारीख बदलते, आणि हा दर्जा दरवर्षी नव्याने मागावा लागतो. ड्राफ्ट झाला की खर्चाचा भाग मला पाठवा, मी वाचून देतो.