वाचक विचारतात: सायकलच्या पिशवीत खाऊ कोणता?

प्रश्न: आम्ही चौघे रविवारी माउंटन बाइक घेऊन बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्याकडे जातो. मधे लाल मातीच्या खडबडीत वाटा लागतात, पाच तास सहज जातात. बरोबर क्रीमची बिस्किटं आणि एनर्जी जेल असतं. दोन तासांनी गोड नको होतं, खाऊ तसाच परत येतो आणि शेवटच्या चढांवर पाय गळतात. काय न्यावं? (टिळकवाडी)

उत्तर: खाऊ पिशवीतच राहतो, म्हणून पाय गळतात. इतक्या लांबच्या फेरीत तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. नाश्ता करून निघालात तर पहिला पाऊण तास काही नको. पुढे दर अर्ध्या तासाला थोडं थोडं खा, भुकेची वाट बघू नका. भूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

माणशी दोन शेंगा पोळ्या, चार छोट्या इडल्या, दोन केळी, गोकाकच्या करदंटाचा (गूळ-सुक्यामेव्याच्या वडीचा) एक लहान तुकडा आणि मूठभर भडंग घ्या. यातून साधारण 170 ते 180 ग्रॅम कर्बोदकं मिळतात, उरलेली पाण्यातून भागवा. 750 मिलिलिटरच्या एका बाटलीत दोन मोठे चमचे साखर, पाव छोटा चमचा मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस. दुसऱ्या बाटलीत साधं पाणी, म्हणजे पोळीनंतर चूळ भरता येते. दोन्ही बाटल्या वाटेत पुन्हा भराव्या लागतील. थंडीत तासाला अर्धा लिटर पुरतं, एप्रिल-मेमध्ये पाऊण लिटरही कमी पडू शकतं.

शेंगा पोळी घरी जेवायला करता तशी केलीत तर पिशवीत तिचा चुरा होतो. 150 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, 150 ग्रॅम चिरलेला गूळ, एक चमचा भाजलेले तीळ, वेलदोडा आणि नेहमीपेक्षा जरा जास्त मीठ. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवलात की दाण्याला तेल सुटतं, सारण ओलं होऊन पोळी लाटताना फुटते, आणि बाहेर आलेला गूळ तव्यावर जळून कडू होतो. कणीक सारणाइतकीच घट्ट हवी, पोळी जरा जाड लाटा. भाजल्यावर जाळीवर अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या. कोमट पोळी गुंडाळली की वाफ आत कोंडते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. मग चार तुकडे करून प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये चॉकलेटसारखा पिळून बांधा, एक टोक सैल ठेवा. ते दातानं ओढलं की उघडतं, दुसरा हात हँडलवरच राहतो. फॉइल नको, त्याचे कपटे तोंडात येतात.

इडलीला चटणी पूड आणि चमचाभर तेल दोन्ही बाजूंनी चोळा. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हात आंबते, ती घरीच राहू दे. इडल्या सकाळच्याच हव्यात, दुपारच्या आत संपवा. कडक भाकरी कितीही आवडत असली तरी नेऊ नका. खडकाळ उतारावर तिचा भुगा होतो, आणि तो कोरड्या घशाखाली उतरत नाही.

आता क्रम. आधी इडली, मग पोळी, मधे भडंग, मग पुन्हा गोड. तिखट-गोड आलटून पालटून आलं की जीभ कंटाळत नाही. पोळी आणि करदंट सपाटीवर खा. दाण्यातली, सुक्यामेव्यातली चरबी पचायला वेळ लागतो, चढावर पोट जड होतं. चढाच्या दहा मिनिटं आधी अर्धं केळं बरं. केळी किंचित कच्ची घ्या आणि जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा; हँडलच्या पिशवीत हादऱ्यांनी तासाभरात काळी पडतात. बाकी खाऊ फ्रेमवरच्या छोट्या पिशवीत, शेवटी खायचं ते तळाशी. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलेलं थांबल्याशिवाय हाताला लागत नाही, म्हणून खाल्लं जात नाही. रिकामे कागद घरी परत आणायचे. जांबोटी, कणकुंबी ज्या खानापूर तालुक्यात येतात, त्याच तालुक्यात भीमगडचं अभयारण्य आहे.

प्रश्न: पावसाळ्यात चिक्की कागदाला अशी चिकटते की कागदासकट खावी लागते. (निपाणी)

उत्तर: गूळ हवेतलं पाणी ओढतो, साखरेपेक्षा जास्त. पाक कच्चा राहिला असेल तर आणखी लवकर. पाण्यात टाकलेला पाकाचा थेंब कडक होऊन तुटला पाहिजे. चिक्की पूर्ण गार झाल्यावर तुकडे भाजलेल्या तिळात घोळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, त्या दिवसापुरतेच न्या. जून ते सप्टेंबर खजूर जास्त सोयीचा: सहा बिनबियांचे खजूर म्हणजे 30 ते 35 ग्रॅम कर्बोदकं. मात्र बी खरंच काढलेली आहे का, घरीच बघून घ्या.

प्रश्न: कुंदा न्यावा का? (खानापूर)

उत्तर: नाही. खव्याचा पदार्थ उन्हात टिकत नाही, बोटांना चिकटतो आणि चढावर पोटात दगडासारखा बसतो. घरी फ्रिजमध्ये ठेवून निघा.