वाचकांचे प्रश्न : माळकऱ्याने मालिकेत दारुड्याची भूमिका करावी का?

प्रश्न : मी निपाणी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमच्या घरात आजोबांपासून माळ आहे, वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि मी लहानपणापासून काकड्याला उभा राहून गात आलो आहे. कॉलेजात असताना नाटकाची गोडी लागली आणि आता कोल्हापुरात चित्रीकरण होणाऱ्या एका मराठी मालिकेत मला नियमित काम मिळाले आहे. भूमिका दारू पिऊन घरात धिंगाणा घालणाऱ्या धाकट्या दिराची आहे. मी स्वतः दारूच्या थेंबालाही शिवत नाही. परंतु मेकअपच्या खोलीत मला माळ काढून ठेवायला सांगतात आणि मी ती काढून खिशात ठेवतो, ही गोष्ट गावात कळली. यंदाच्या सप्ताहात कीर्तनाच्या वेळी मला टाळ घेऊन उभे राहू दिले नाही. ‘माळ तरी सोड, नाही तर मालिका तरी सोड,’ असे वडिलांना सर्वांदेखत ऐकवले गेले. त्यातच एका पानमसाल्याच्या जाहिरातीसाठी मला विचारणा झाली असून पैसे चांगले आहेत. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या कलावंतांच्या मुलाखती मी पाहिल्या. त्यांनाही दारू आणि तंबाखू वर्ज्य आहे आणि त्यांचेच धर्मबंधू त्यांच्या कामाला नावे ठेवतात. त्यांनी यातून वाट कशी काढली आणि मी काय करावे?
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : मालिकेतली भूमिका आणि पानमसाल्याची जाहिरात हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि माझ्या मते त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. गावकरी दोन्हींना एकच माप लावतील हे उघड आहे, परंतु पत्राच्या सुरावरून तुम्हीही तसेच करू लागला आहात असे वाटते, आणि त्याची मला अधिक काळजी वाटते.

मॉर्मन कलावंतांचा दाखला तुम्ही योग्य जागी दिला आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांच्या पंथाचे पूर्ण नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली आणि त्यांच्या पश्चात ब्रिगहॅम यंग यांच्यामागोमाग ही मंडळी १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन वसली. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी न घेण्याचा त्यांचा नेम १८३३ सालच्या एका धर्मवचनावर आधारलेला आहे. मिळकतीचा दहावा हिस्सा ते चर्चला देतात, रविवारी शक्यतो काम करीत नाहीत आणि तरुण मुलगे दोन वर्षे घर सोडून धर्मप्रसारासाठी जातात.

एवढे कडक नेम असलेल्या लोकांनी नाटकाला दारात उभे केले नसेल असे कोणालाही वाटेल, परंतु प्रत्यक्षात उलटे घडले. त्या ओसाड खोऱ्यात येऊन पंधरा वर्षे होतात न होतात तोच, १८६२ साली, ब्रिगहॅम यंग यांनी तेथे मोठे नाट्यगृह उभारले. त्यापूर्वी, आधीच्या मुक्कामी नॉवू गावी असताना, त्यांनी स्वतः एका नाटकात पुजाऱ्याची भूमिका केली होती. ते नाट्यगृह उभे राहिल्यानंतर अठरा वर्षांनी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत नाटकाचा पाया घातला, तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत असत, कारण घरंदाज बाईने रंगभूमीवर पाऊल ठेवणे आपल्या समाजाला मुळीच मानवणारे नव्हते.

त्यामुळे कला करावी की करू नये, हा वाद मॉर्मन लोकांत फारसा नाही. कोणती भूमिका करावी, कोणत्या ठिकाणी गावे आणि कोणता पोशाख घालावा, यांवरून तो होतो. १९८६ साली त्यांचे त्या वेळचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांनी तरुण मुलांना ‘आर’ दर्जाचे, म्हणजे अमेरिकेत सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय पाहता न येणारे, चित्रपट पाहू नका असे स्पष्ट बजावले होते. नटाच्या बाजूने याचा विचार करून पाहा. ज्या चित्रपटात त्याला आयुष्यातली सर्वांत मोठी भूमिका मिळावी, तो त्याच्या शेजारपाजारच्या भाविकांनी पाहणेच गैर ठरावे, अशी त्याची कोंडी होते. तरुणांसाठी असलेली त्या चर्चची मार्गदर्शक पुस्तिका २०२२ साली नव्याने लिहिली गेली, तेव्हा तीत नियमांची जंत्री कमी करून तत्त्वे समजून स्वतः निर्णय घेण्यावर भर दिला गेला. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण लहानसहान गोष्टीत काय करावे हे कोणी बाहेरून ठरवू लागला, की त्याला शेवट राहत नाही.

तुम्ही विचारले आहे की त्यांनी वाट कशी काढली. सर्वांनी एकच वाट धरली नाही. डॉनी आणि मेरी ऑस्मंड ही भावंडे १९७० च्या दशकात दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचली आणि पुढे २००८ ते २०१९ अशी अकरा वर्षे त्यांनी लास वेगासच्या फ्लेमिंगो या कॅसिनो-हॉटेलात कार्यक्रम केला. त्यांच्या पंथाचा जुगाराला ठाम विरोध आहे, तरीही जुगाराच्या शहरात उभे राहून घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा असा कार्यक्रम करता येतो, असे त्यांनी मानले. ग्लॅडिस नाइट या १९९७ साली पंथात आल्या, त्या वेळी त्या आधीच नामांकित गायिका होत्या. त्यांनी आपले जुने गाणे सोडले नाही, उलट त्याच ढंगात भक्तिगीते गाणारा गायकवृंद उभा केला. डेव्हिड आर्चुलेटा २००८ साली ‘अमेरिकन आयडॉल’ या दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धेत दुसरा आला आणि ऐन भरात असताना, २०१२ साली, सर्व काही बाजूला ठेवून दोन वर्षे धर्मप्रसारासाठी चिलीला गेला. त्याच डेव्हिडने २०२१ साली आपण समलैंगिक असल्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षी तो चर्चपासून दूर झाला. लास वेगासच्याच ‘द किलर्स’ या रॉक बँडचे गायक ब्रँडन फ्लॉवर्स २०११ साली चर्चच्या प्रचारमोहिमेत स्वतःचा चेहरा घेऊन उभे राहिले. यांतल्या कोणाचेही अनुकरण करा असे मी सांगणार नाही. प्रत्येकाने आपला निर्णय आपल्या नावावर घेतला, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

आता बोल लावणाऱ्यांविषयी. मॉर्मन मंडळींचा स्थानिक बिशप हा पगारी पुरोहित नसतो, तर आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून ते काम करणारा शेजारीच असतो. मंदिरात प्रवेशाची चिठ्ठी दर दोन वर्षांनी नव्याने घ्यावी लागते आणि त्यासाठी ठरलेले प्रश्न विचारले जातात. ते प्रश्न २०१९ साली चर्चने सर्वांसाठी प्रसिद्ध केले. त्यांत श्रद्धेविषयी, दारू-तंबाखूच्या नेमाविषयी, दशांशाविषयी, कुटुंबातल्या वागणुकीविषयी आणि प्रामाणिकपणाविषयी विचारणा आहे, परंतु माणूस पोटासाठी कोणता व्यवसाय करतो, असा प्रश्न नाही. म्हणजे चर्च जेवढे विचारत नाही, तेवढे शेजारी विचारतात.

तेही सर्वांना विचारत नाहीत. मॅरियट हॉटेलांचे जगभर पसरलेले जाळे एका मॉर्मन कुटुंबाने उभे केले. त्या हॉटेलांत दारू मिळते आणि खोल्यांत त्यांचा धर्मग्रंथही ठेवलेला असतो. त्या घरातल्या मंडळींनी चर्चमध्ये मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या आहेत. आपल्या निपाणीकडे पाहा. येथले कितीतरी माळकरी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू लावत आले, खुडणीच्या दिवसांत पानांचा चिकट काळा राप त्यांच्या बोटांना आठवडाभर धरून असतो आणि त्याच हातांनी ते संध्याकाळी टाळ वाजवतात. स्वतः चिमूटभरही तोंडात टाकत नाहीत. त्यांची माळ काढा असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही, आणि म्हणूही नये, कारण त्या जमिनीत दुसरे कोणते पीक एवढे पैसे देत होते? परंतु ज्यांनी हा न्याय शेतकऱ्याला दिला, त्यांनी तो नटालाही द्यायला हवा. नटाचे काम पडद्यावर सर्वांना दिसते आणि वखारीतली पोती कोणाला दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक आहे.

चिकोडीत जन्मलेले विष्णुपंत पागनीस यांची आठवण तुमच्या गावातल्या ज्येष्ठांना जरूर करून द्या. रंगभूमीवर त्यांनी स्त्रीभूमिका केल्या होत्या आणि अशा नटाकडे त्या काळी लोक कोणत्या नजरेने पाहत, हे सांगायला नको. पुढे १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये त्यांनी तुकोबांची भूमिका केली. मुंबईत तो चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि लोक पागनीसांनाच तुकाराम समजून हात जोडू लागले. लुगडे नेसून उभा राहणारा नट आणि तुकोबा होऊन अभंग गाणारा नट हे एकच गृहस्थ होते.

म्हणून दारुड्या दिराची भूमिका तुम्ही अवश्य करावी, असे माझे मत आहे. ज्या घरात खरोखरच असा दीर आहे त्या घरातली बाई ती मालिका पाहते, तेव्हा तुम्ही दारूची भलामण करीत नसता. फक्त एक गोष्ट लेखकाला आणि दिग्दर्शकाला विचारून घ्या की ते पात्र पुढे हास्यास्पद आणि लाडके तर होणार नाही ना. मालिका लांबली की तसे पुष्कळदा होते, आणि तसे झाले तर तुमच्या मनाला ते टोचेल.

माळेच्या बाबतीत मात्र गावकऱ्यांचे म्हणणे अगदी टाकाऊ नाही. माळ तुटली तर ती ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्न न घेणारी माणसे तुमच्याच घरात असतील. ती रोज काढून खिशात ठेवणे तुम्हालाही खटकले असावे, म्हणून तर तुम्ही ते पत्रात लिहिले. तुळशीची माळ गळ्याशी घट्ट बसती करून घेतली आणि सदऱ्याची वरची गुंडी लावली, की ती दिसत नाही. मेकअप करणाऱ्या माणसाला आणि वेशभूषेचे काम पाहणाऱ्यांना ही अडचण पहिल्या दिवशीच मोकळेपणाने सांगायला हवी होती. अजूनही सांगा. मंगळसूत्र न काढणाऱ्या कितीतरी अभिनेत्रींसाठी तेथे अशी सोय केली जाते.

पानमसाल्याची जाहिरात घेऊ नका. भूमिकेत तुम्ही दुसऱ्या कोणाचे आयुष्य दाखवत असता, तर जाहिरातीत तुमचा स्वतःचा चेहरा पुढे करून ‘हे खा’ असे लोकांना सांगत असता. पुडीवर काही छापलेले असो, निपाणीच्या माणसाला पानमसाल्याच्या शेजारी टपरीवर दुसरी कोणती पुडी लटकलेली असते हे शिकवावे लागत नाही. जे स्वतःच्या भावाला खाऊ देणार नाही, ते इतरांच्या भावांना सुचवून मिळणारे पैसे तुम्हाला सुखाने वापरता येणार नाहीत. नकार देताना गावाचे कारण सांगू नका, स्वतःचे सांगा.

आणि वडिलांशी बोला. त्या दिवशी सर्वांदेखत जे ऐकावे लागले ते त्यांना लागले आहे. तुम्ही माळ खिशात का ठेवली, हे त्यांना गावाकडून नव्हे, तुमच्याकडून कळायला हवे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या दिंडीचा चालक आहे. आमच्या मंडळातल्या एका वारकऱ्याची मुलगी बेळगावच्या ऑर्केस्ट्रात लग्नसमारंभांतून सिनेमाची गाणी गाते. मुलीचा आवाज फार गोड आहे. सप्ताहात तिला अभंग गाऊ द्यावा की नाही यावरून मंडळात दोन तट पडले आहेत आणि निर्णय माझ्यावर आला आहे. आपले काय मत आहे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तिला गाऊ द्यावे. ज्या जिल्ह्यातल्या अंकलीहून माउलींच्या पालखीसाठी अश्व निघतात, त्या जिल्ह्यात दिंडीचालकाच्या शब्दाला किती वजन असते याची मला कल्पना आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची आई नाचगाण्यावर उपजीविका करणारी होती. त्याच कान्होपात्रेचे झाड आज पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळात आहे आणि दर्शनाला गेलेला प्रत्येक वारकरी त्यापुढे हात जोडतो. लग्नात गाणी म्हणून चार पैसे मिळवणाऱ्या मुलीला अभंगापासून दूर ठेवायचे असेल, तर त्या झाडापुढे कोणत्या तोंडाने उभे राहणार?

वरच्या उत्तरात मॉर्मन बिशपांचा उल्लेख आला आहे. त्यांची एक रीत आपल्याकडे घेण्यासारखी आहे. ते जे विचारायचे ते एकट्याने, बंद दाराआड आणि सर्वांना एकसारखेच विचारतात. तुम्हाला मंडळातल्या गायकांसाठी काही नेम ठरवायचा असेल, एकादशीचा असो की व्यसनाचा, तर तो पखवाजवाल्यालाही लावा, टाळकऱ्यालाही लावा आणि वर्षभर तालुक्याच्या ठिकाणी धंदा करून सप्ताहापुरते गावी येणाऱ्या सावकारालाही लावा. त्या मुलीच्या वडिलांना मंडळासमोर बोलावू नका. तिच्याकडे स्वतः जा, तिला कोणता अभंग गायचा आहे ते विचारा आणि सप्ताहाच्या कार्यक्रमपत्रिकेत इतर गायकांच्या ओळीतच तिचे नाव छापा. लग्नसराईत तिच्या तारखा आधीच लागलेल्या असतात, तेव्हा दिवस ठरवण्याआधी तिला विचारून घेतलेले बरे.