हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला का?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब विजयदुर्ग पाहायला गेलो होतो. तिथले ‘साहेबाचे ओटे’ दाखवून, ‘१८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने याच जागी दुर्बीण लावून हेलियम शोधला’ असे आम्हाला सांगण्यात आले. मुलीच्या पुस्तकात मात्र जान्सेन आणि गुंटूर ही नावे आहेत. खरे काय मानावे? आणि सूर्यावरचा वायू पृथ्वीवरून ओळखता तरी कसा आला?
— एक वाचक, कणकवली

उत्तर : मुलीचे पुस्तक सत्याच्या अधिक जवळ आहे, मात्र किल्ल्यावरची कथाही निराधार नाही, तिच्यात दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे.

आधी ओळखण्याविषयी. मीठ घातलेले पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडले, की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते, हे आपण स्वयंपाकघरात पाहिले असेल. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे घटक रंग वेगवेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिल्यास त्याच्या जागी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर अगदी जवळजवळ असलेल्या दोन रेषा दिसतात. तप्त वायुरूपातील प्रत्येक मूलद्रव्य अशा आपल्या ठरावीक रेषा उमटवते आणि त्या दुसऱ्या कोणाच्याही रेषांशी तंतोतंत जुळत नाहीत.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची छाया हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत गेली. पिएर जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होते, तर इंग्रज निरीक्षकांची पथके गुंटूर, जमखंडी आणि मच्छलीपट्टण येथे होती. सूर्यबिंब झाकले जाताच कडेने उसळणाऱ्या ज्वाळांच्या रेषा जान्सेन यांना इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसू शकतील अशी त्यांची खात्री झाली, आणि दुसऱ्याच दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. मच्छलीपट्टणला नॉर्मन पॉगसन यांनी पिवळी रेषा सोडियमच्या जागी नेमकी बसत नसल्याची नोंद केली.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर या वेळी इंग्लंडमध्येच होते. जान्सेन यांच्या कामाची वार्ता नसताना त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहणाविना, सौरज्वाळांच्या रेषा पाहिल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखांचे एक पदक काढून या योगायोगाचा मोठ्या मनाने सन्मान केला.

५८७.६ नॅनोमीटरवरची ती पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात द्रव्याची नाही, हे लॉकियर यांनी रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या साहाय्याने तपासले. म्हणूनच ‘हेलिओस’ या सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम म्हटले गेले. ते धातू असावे अशी समजूत होती, त्यामुळे सोडियम, पोटॅशियमसारखा ‘-इयम’ हा शेवट त्याला लागला. निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन या त्याच्या भावंडांची नावे मात्र वेगळ्या वळणाची आहेत. पुष्कळ जणांचा या द्रव्यावर विश्वास बसला नव्हता. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल घालून निघालेला वायू तपासला, तेव्हा तीच पिवळी रेषा समोर आली. युरेनियम व थोरियम यांच्या किरणोत्सर्गातून हेलियम खडकांत साठत असतो.

आता विजयदुर्गाकडे येऊ. लॉकियर तिथे खरोखरच आले होते, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशी त्यांच्या मदतीला होते. जेमतेम दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत प्रत्येकाने आपापले उपकरण न चुकता चालवावे, यासाठी त्यांच्याकडून आधी कसून सराव करून घेण्यात आला होता. त्याच दिवशी जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनीही आपल्या पथकासह ग्रहणाचे निरीक्षण केले, आणि मराठी वाचकाने लॉकियर यांच्याइतकेच त्यांचेही नाव लक्षात ठेवावे असे आम्हाला वाटते.

ओट्यांचा लॉकियर यांच्याशी संबंध जोडायचा, तर तो या १८९८ च्या मोहिमेशीच जोडावा लागेल, आणि तोवर हेलियम प्रयोगशाळेत सापडून जवळजवळ तीन वर्षे होत आली होती. १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिन साजरा होतो, तो अवश्य व्हावा. मात्र किल्ल्याची स्वतःची तारीख २२ जानेवारी आहे, आणि पुढच्या भेटीत मुलीला ओटे दाखवताना आपण तीच सांगावी.