देसाई म्हणजे राजा नव्हे गं

प्रिय चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर विचारलंस ना, कित्तूरची चन्नम्मा देसायांची सून, वर्गातला गुजराती मुलगा पण देसाई, मग आपण सगळे एकाच घरचे का, आणि आपण राजे होतो का? नेट गेलं आणि सांगायचं राहिलं, म्हणून आज मस्कतहून सुट्टीच्या दिवशी बसून लिहितोय.

नाही गं, देसाई हे कामाचं नाव. यातला 'देश' म्हणजे भारत नव्हे, परगणा, म्हणजे गावांचा एक गट. बहामनी आणि नंतर आदिलशाहीच्या काळात परगण्याचा सारा गोळा करायचा, पडीक जमीन लागवडीला आणायची, कुळांना धरून ठेवायचं हे काम देसायाकडे, त्याच्या जोडीला देशपांडे हिशेब लिहायचा. वर देशावर त्यालाच देशमुख म्हणायचे. बदल्यात साऱ्यातला हिस्सा आणि इनाम जमीन मिळायची, त्याला वतन म्हणायचे, आणि ते बापाकडून मुलाकडे जायचं म्हणून कामाचं नाव घराला चिकटलं. गुजरातेत पण हेच झालं. कित्तूरचे देसाई मात्र पुढं संस्थानिकच झाले, म्हणून १८२४ ला चन्नम्मा इंग्रजांशी लढली, तिचं माहेर काकती, बेळगावला लागूनच की! पण तिचा आपला रक्ताचा संबंध नाही. बाजूच्या घरातले देसाई कन्नड बोलतात, पाटील कुलकर्णी पण दोन्हीकडं आहेत बघ, कारण कारभाराचं दफ्तर एकच होतं.

आता आपल्या वाड्याचं. देसायांची वतनं १९५१ ला कायद्यानं बंद झाली, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. मग १९७४ ला कर्नाटकात कूळकायदा आला आणि बरीचशी जमीन कसणाऱ्या कुळांच्या नावावर झाली. आज्जीला त्याचं फार वाईट वाटायचं, पण आजोबा म्हणायचे की नांगर त्यांनी धरला, आपण नुसता हिस्सा खाल्ला, ती त्यांचीच. मला आजोबांचं पटतं, आणि तुला पण हे असंच सांगावं असं मला मनापासून वाटतं. उरलेल्यावर भाऊबंदकी, ते तू मोठी झालीस की.

माडीवरच्या लाकडी पेटीत मोडी कागद आहेत, वाळवी लागायच्या आत आईला सांगून उन्हं दाखव, आणि फोटो काढून पाठव. उन्हाळ्यात आलो की दोघं मिळून वाचायला शिकू.

तुझा
बाबा